आत्मचरित्रात्मक कादंबरी आणि तिचे वाचक : ‘मिन काम्प’च्या निमित्ताने

उर्दूत ‘आपबीती’ आणि ‘जगबीती’ असे दोन शब्द आहेत. स्वतःवर गुजरलेली ती आपबीती आणि इतरांवर गुजरलेली ती जगबीती. आत्मचरित्रात्मक कादंबरी शिकवताना हे दोन शब्द वेगळे ठेवणे कठीण जाते. कोणतीही आपबीती एकट्याची नसते. तीत आई-वडील येतात, पत्नी येते, चुलते आणि शेजारी येतात. लेखक स्वतःविषयी जितके उघडपणे लिहितो, तितकेच तो या माणसांविषयीही लिहून बसतो. अशा लेखनावर वाचकांच्या प्रतिक्रिया इतक्या परस्परविरोधी का असतात, याचा विचार प्रस्तुत लेखात एका नॉर्वेजियन कादंबरीच्या आधारे करावयाचा आहे.

कादंबरीचे स्वरूप

कार्ल ओवे क्नाउसगोर यांचा जन्म १९६८ चा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्याच कादंबरीला नॉर्वेतील समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी त्यांचे वडील वारले. पुढे २००९ ते २०११ या काळात त्यांनी ‘मिन काम्प’ ही सहा खंडांची, सुमारे ३६०० पृष्ठांची कादंबरी प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ ‘माझा लढा’. हिटलरच्या कुप्रसिद्ध पुस्तकाचे नॉर्वेजियन नावही हेच असल्यामुळे शीर्षकापासूनच वादाला तोंड फुटले.

कथानक म्हणावे तर फारसे नाही. वडिलांच्या धाकात गेलेले बालपण, दारूच्या आहारी जाऊन आजीच्या घरात झालेला त्यांचा मृत्यू, त्या घाणीने भरलेल्या घराची दोघा भावांनी केलेली साफसफाई, प्रेम, दोन विवाह, मुलांचे संगोपन आणि लिहिता न येण्याची तगमग, एवढाच ऐवज. मुखपृष्ठावर ‘कादंबरी’ असे छापलेले आहे. परंतु आतील बहुतेक माणसे खऱ्या नावाने वावरतात. सर्व प्रतिक्रियांचे मूळ या दुहेरीपणात आहे.

वाचकांची तीन वर्तुळे

प्रतिक्रियांचा उलगडा होण्यासाठी वाचकांची तीन वर्तुळे कल्पिणे सोयीचे ठरते.

पहिले वर्तुळ पुस्तकात असलेल्या माणसांचे. २००९ साली लेखकाच्या पितृकुळातील चौदा नातेवाइकांनी ‘क्लासेकाम्पेन’ या दैनिकात पत्र प्रसिद्ध करून या लेखनाला ‘यहूदाचे साहित्य’, म्हणजे विश्वासघाताचे साहित्य ठरवले. काकांनी न्यायालयात जाण्याचा इशारा दिला. त्यांचे नाव कादंबरीत बदलून ‘गुन्नार’ करण्यात आले. वडिलांच्या अखेरच्या दिवसांविषयी पुतण्याने लिहिलेला तपशील खोटा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सहाव्या खंडात लेखकाने हा सारा वाद आणि त्यामुळे स्वतःच्या आठवणींविषयी मनात उठलेली शंकाही नोंदवली आहे. लेखकाच्या पहिल्या पत्नीने २०१० मध्ये रेडिओवर माहितीपट करून आपली बाजू मांडली. दुसऱ्या पत्नी लिंडा बूस्त्रम क्नाउसगोर स्वतः लेखिका. पुस्तकाच्या प्रकाशनानंतरचे त्यांचे गंभीर मानसिक आजारपणही सहाव्या खंडात आले. पुढे २०१९ मध्ये त्यांनी मनोरुग्णालयातील आपल्या अनुभवांवर स्वतंत्र कादंबरी लिहिली. दुसऱ्याच्या कादंबरीतील पात्राने लेखणी हाती घेतली, हा प्रसंग साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरे वर्तुळ देशबांधवांचे. सुमारे पन्नास लाख लोकसंख्येच्या देशात या सहा खंडांच्या मिळून सुमारे पाच लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. काही कार्यालयांत या पुस्तकाविषयी बोलायचे नाही असे दिवस ठरवावे लागले, अशाही बातम्या आल्या. यामागे वाङ्मयीन ओढ होती तशीच साधी उत्सुकताही होती. लहान देशात कोण कोणाचे काका हे कळायला वेळ लागत नाही.

तिसरे वर्तुळ दूरच्या वाचकांचे. २०१२ पासून इंग्रजी अनुवाद येऊ लागला. या वाचकांना काका ठाऊक नाहीत आणि ते गावही ठाऊक नाही. मुलांच्या वाढदिवसाची मेजवानी, घर पुसणे, बाबागाडी ढकलणे यांची पानेच्या पाने वाचून काहीजण कंटाळले. बहुसंख्य वाचकांना मात्र त्यात स्वतःचे वडील आणि स्वतःचे घर दिसले. कंटाळा येत असतानाही कुतूहल टिकून राहते, अशा आशयाचा अभिप्राय जेम्स वुड या समीक्षकाने त्याच वर्षी नोंदवला.

म्हणजे पुस्तक एकच. पण पहिल्या वर्तुळाला तो विश्वासघात वाटला, दुसऱ्याला गावगप्पांचा विषय वाटला आणि तिसऱ्याला आरसा वाटला. प्रामाणिकपणाची किंमत जो मोजतो आणि त्याचा लाभ ज्याला होतो, ती माणसे वेगवेगळी असतात, हे यातून स्पष्ट होते.

वाचकाशी झालेला करार

फिलिप लजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एकच असेल तर ‘मी माझ्याविषयी खरे सांगेन’ असा अलिखित करार वाचकाशी होतो. ‘कादंबरी’ या शब्दाने याच्या उलट करार होतो. तेथे वाचक सत्याचा पुरावा मागत नाही. ‘मिन काम्प’ने एकाच वेळी दोन्ही करार केले. त्यामुळे काकांनी पहिल्या करारावर बोट ठेवून जाब विचारला आणि दूरच्या वाचकांनी दुसऱ्या कराराच्या आधारे आस्वाद घेतला. आपापल्या जागी दोघेही चुकीचे नाहीत.

आपल्या भाषांतही हा प्रश्न नवा नाही. मुमताज मुफ्ती यांचे ‘अलीपूर का एली’ १९६१ मध्ये कादंबरी म्हणून आले. ती आपलीच जीवनकथा असल्याचे त्यांनी नंतर मान्य केले आणि ‘अलख नगरी’ हा पुढील भाग उघडपणे आत्मकथा म्हणून लिहिला. एलीच्या आड त्यांना जे बोलता आले, ते मुमताजच्या नावाने तेव्हा बोलता आले असते का, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो अशी रचना केली. एका माणसाचे दोन भाग केल्याने बोलणे शक्य झाले. तरीही घरची लक्तरे वेशीवर का टांगली, असा सूर समाजातील काही सुशिक्षितांनी लावलाच. त्यांचा संकोच समजून घेता येतो, पण तो मानला गेला असता तर मराठी वाचक एका मोठ्या सत्याला मुकला असता.

वर्गातील उपयोजन

आत्मकथनातील उतारा शिकवत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले, “सर, मेलेल्या बापाविषयी असं लिहिणं ही गीबत नाही का?” मी त्या वेळी ‘हे साहित्य आहे’ एवढे सांगून पुढे गेलो. ते उत्तर अपुरे होते, हे आता जाणवते. पाठीमागे एखाद्याची उणीदुणी काढणे आणि त्याच्यामुळे आपण कसे घडलो हे समजून घेणे यांत फरक आहे. परंतु तो फरक लेखकाच्या नुसत्या दाव्याने सिद्ध होत नाही, मजकुरातूनच तपासावा लागतो. त्यासाठी वर्गात तीन प्रश्न विचारता येतील : लेखक दुसऱ्याला उघडे करताना स्वतःला किती उघडे करतो? ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याला उत्तर देण्याची संधी आहे का? आणि हा तपशील काढून टाकला तर आशयाचे काही नुकसान होते का?

या प्रश्नांनी ‘मिन काम्प’ची परीक्षा घेतली तर पहिल्या प्रश्नावर लेखक उत्तीर्ण होतो, दुसऱ्यावर वडील आणि आजी कायमचे मूक राहतात आणि तिसऱ्यावर वाचकांचे एकमत होणार नाही. एकमत व्हावेच असेही नाही. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पहिल्या वर्तुळातून आलेला होता आणि मी तिसऱ्या वर्तुळात उभा राहून उत्तर दिले. विद्यार्थी कोणत्या जागेवरून विचारतो आहे हे आधी ओळखावे, मग उत्तर द्यावे, एवढे या कादंबरीच्या वाचकांकडून मी शिकलो.