कीबोर्डवरच्या रेडिओ-संपर्कासाठी वारंवारता : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौशी रेडिओचे परवानाधारक, म्हणजे हॅम, फक्त माइकवर बोलून संपर्क करतात असे नाही. कीबोर्डवर टंकलेला मजकूर विशिष्ट सुरांत बदलून प्रक्षेपित करायचा आणि पलीकडच्या टोकाला तो पुन्हा अक्षरांत उमटवायचा, ही पद्धत टेलिप्रिंटरच्या काळापासून चालत आली आहे. पीटर मार्टिनेझ या ब्रिटिश हॅमने १९९८ च्या अखेरीस पीएसके३१ ही पद्धत खुली केली. साऊंडकार्ड असलेला साधा संगणक आणि माफक शक्तीचा रेडिओ एवढ्यावर खंडापार गप्पा होऊ लागल्या. हा संदेश जेमतेम ६० हर्ट्झ रुंदीत मावतो. बोललेल्या आवाजाला अडीच ते तीन किलोहर्ट्झ लागतात. तरीही नवख्यांचे कितीतरी संपर्क जमत नाहीत. दोष यंत्राचा क्वचितच असतो, बहुतेकदा वारंवारता चुकीच्या समजुतीवर निवडलेली असते.

सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की वारंवारतांची छापील यादी म्हणजे जगभर लागू असलेला नियम. वस्तुतः त्या आकड्यांमागे तीन वेगवेगळे थर असतात. पहिला थर कायद्याचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने जगाचे तीन प्रदेश पाडले आहेत : पहिल्यात युरोप, आफ्रिका, मध्यपूर्वेचा बराचसा भाग आणि रशियासह उत्तर आशिया, दुसऱ्यात दोन्ही अमेरिका, तिसऱ्यात भारतासह उरलेला आशिया आणि पॅसिफिक. या चौकटीत प्रत्येक देश आपल्या परवानाधारकांना पट्टे नेमून देतो. दुसरा थर बँडप्लॅनचा. १९२५ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी रेडिओ संघाच्या प्रादेशिक शाखा पट्ट्याचा कोणता तुकडा मोर्ससाठी, कोणता डिजिटलसाठी आणि कोणता आवाजासाठी ठेवायचा हे ठरवतात. काही देशांत बँडप्लॅनला कायद्याचे बळ असते, बऱ्याच ठिकाणी तो सामंजस्याचा करार असतो. तिसरा थर निव्वळ वहिवाटीचा. ‘पीएसके३१ साठी १४.०७०’ हा आकडा या तिसऱ्या थरातला आहे. वहिवाट उपयोगी खरी, पण पहिल्या थराने जे नाकारले ते ती देऊ शकत नाही.

हा फरक ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटरच्या पट्ट्यावर, सर्वांत ठळक दिसतो. अमेरिका खंडात हौशींना ७.००० ते ७.३०० मेगाहर्ट्झ मिळतात. पहिल्या आणि तिसऱ्या प्रदेशात हा पट्टा ७.२०० ला संपतो, भारतातही तेवढाच आहे. त्यावरच्या भागात प्रसारण केंद्रे असतात. अमेरिकेचा स्वतःचा नियम आणखी आवळलेला : तिथे डिजिटल मजकूर ७.१२५ पर्यंतच पाठवता येतो. आवाजाच्या संपर्कात दोन प्रदेशांतले हॅम वेगवेगळ्या वारंवारतेवर बोलून यातून वाट काढतात. युरोपीय केंद्र खाली बोलते आणि वर ऐकते, अमेरिकी केंद्र त्याच्या उलट. कीबोर्डच्या गप्पा मात्र रिवाजाने दोघांनी एकाच ठिकाणी करायच्या असतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना जे चालते त्या सामाईक तुकड्यातच जागा शोधावी लागते. सोलापूरच्या हॅमला टेक्सासमधल्या मित्राशी या पट्ट्यावर टंकून बोलायचे असेल, तर ७.१५० ची वेळ ठरवून उपयोग नाही. सोलापूरला त्या जागी प्रक्षेपण करता येईल, टेक्सासला डिजिटल उत्तर देता येणार नाही.

वहिवाटही तीन प्रदेशांत तीन तऱ्हांची आहे. अमेरिकेत पीएसके३१ ची वर्दळ ७.०७० ला, युरोपात ७.०४० च्या वर, तर तिसऱ्या प्रदेशाच्या याद्यांत ७.०३५ सापडतो. त्यात जुन्या याद्यांची भर. २००९ च्या मार्चअखेर पहिल्या व तिसऱ्या प्रदेशात ७.१०० ते ७.२०० हा भाग प्रसारणाकडून हौशींकडे आला आणि युरोपने आपला बँडप्लॅन नव्याने मांडला. पूर्वी ७.०३५ पासून सुरू होणारा डिजिटलचा तुकडा ७.०४० च्या वर सरकला. ज्या यादीवर वर्ष छापलेले नाही, तिच्यावर न विसंबणे उत्तम. ८० मीटरवरही असाच फरक आहे : पहिल्या प्रदेशात ३.८ पर्यंत, दुसऱ्यात ४.० पर्यंत, तिसऱ्यात ३.९ पर्यंत, आणि भारतात ३.५ ते ३.७ व ३.८९ ते ३.९ असे दोन तुकडे. डिजिटलची नेहमीची जागा ३.५८० च्या आसपास असल्याने तिथे सहसा अडचण येत नाही.

दुसरा गैरसमज जास्त संपर्क हुकवतो : रेडिओच्या डायलवर दिसते तीच आपली वारंवारता. साऊंडकार्डमधून डिजिटल संदेश पाठवताना रेडिओ सहसा अपर साइडबँडवर असतो. अशा वेळी डायलच्या आकड्यात ध्वनीचा सूर मिळवावा लागतो. डायल १४.०७०००, आणि वॉटरफॉलवर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर खाली ओघळणाऱ्या संदेशपटावर १,२४० हर्ट्झची रेघ टिचकी मारून निवडली, तर प्रक्षेपण १४.०७१२४ वर होते. हाच हिशेब उलटाही करता यावा लागतो. ऑलिव्हिया या पद्धतीच्या रुंद प्रकारासाठी सांगितली जाणारी १४.१०६५ ही वारंवारता संदेशाच्या मध्याची आहे, डायलची नव्हे. सूर १,५०० हर्ट्झला मध्यावर ठेवायचा, तर डायल १४.१०५ ला हवा. याउलट डब्ल्यूएसपीआर या पद्धतीच्या यादीत १४.०९५६ लिहितात तो डायलचा आकडा असतो. त्याचे संदेश १,४०० ते १,६०० हर्ट्झच्या सुरांवर, म्हणजे प्रत्यक्षात १४.०९७० ते १४.०९७२ या चिमुकल्या पट्टीत असतात. यादी कोणता आकडा देते आहे हे न पाहता डायल फिरवला, की माणूस दीड किलोहर्ट्झ बाजूला हाका मारत बसतो. आरटीटीवाय, म्हणजे रेडिओवरच्या टेलिप्रिंटरसाठी, लोअर साइडबँड वापरण्याची रीत आहे. तिथे सूर डायलमधून वजा करायचा.

हा हिशेब सौजन्याशीही निगडित आहे. १४.१०० वर आंतरराष्ट्रीय बीकन साखळी चालते. जगभर विखुरलेली १८ केंद्रे तीन मिनिटांच्या फेऱ्यात प्रत्येकी दहा सेकंद आळीपाळीने संदेश सोडतात. श्रीलंकेतले ४एस७बी हे केंद्र त्यांपैकी भारताला सर्वांत जवळचे. डायल १४.०९९ ला ठेवून १,००० हर्ट्झचा सूर सोडणारा हॅम नेमका या साखळीवर जाऊन बसतो, आणि डायलकडे पाहून आपण खाली आहोत असेच समजत राहतो.

तिसरा समज एफटी८ मुळे रूढ झाला. २०१७ मध्ये जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँके यांनी ही पद्धत आणली, आणि बघता बघता १४.०७४ व ७.०७४ वर दिवसरात्र गर्दी झाली. डिजिटल म्हणजे तीच जागा, असे नव्या परवानाधारकाला वाटणे साहजिक आहे. पण एफटी८ ही गप्पांची पद्धतच नाही. पंधरा सेकंदांच्या ठरलेल्या आवर्तनात कॉलसाइन, ठिकाण आणि संदेशाची पातळी एवढेच जाते. मोकळा मजकूर एका खेपेला तेरा अक्षरांपुरता. तिथे पीएसके३१ वर हाक मारली तर उत्तर मिळत नाही, आणि इतरांचे संपर्क मात्र बिघडतात. २० मीटरवर निदान जागा वेगळ्या आहेत : डायल १४.०७० वर पीएसके, १४.०७४ वर एफटी८, १४.०७८ वर जेएस८. प्रत्येकाच्या वर सुमारे तीन किलोहर्ट्झ त्याचे. १७ मीटरवर तशी सोय उरली नाही. १८.१०० ही पीएसके३१ ची जुनी जागा, पुढे एफटी८ नेही तोच आकडा घेतला. आता कीबोर्डवाल्यांना तिथे वर-खाली सरकून मोकळी पट्टी शोधावी लागते. १० मेगाहर्ट्झवर पीएसकेसाठी १०.१४० ऐवजी १०.१४२ ला पसंती मिळते, तीही सकारण : १०.१४०१ ते १०.१४०३ इथे डब्ल्यूएसपीआर चालते.

वॉटरफॉल काळा दिसला म्हणजे जागा रिकामी, हीसुद्धा फसगतच. लघुलहरी आयनावरणावरून परावर्तित होऊन दूर उतरतात, मधल्या पट्ट्यात काहीच ऐकू येत नाही. नागपूरला ऐकू न येणारे हैदराबादचे केंद्र त्याच वारंवारतेवर जर्मनीशी गप्पा मारत असू शकते. त्यातला जर्मन माणूस नागपूरला ऐकू येतोच असेही नाही. म्हणून एक-दोन मिनिटे थांबून ऐकायचे, मग आपला कॉलसाइन देऊन ‘क्यूआरएल?’ म्हणजे ‘वारंवारता वापरात आहे का?’ असे टंकायचे, पुन्हा थांबायचे आणि मगच सर्वांना हाक द्यायची. आपला संदेश कुठे पोचतो हे तपासायला पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाचा नकाशा आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरून वापरता येणारा ग्राहक, म्हणजे रिसीव्हरही आहे. मात्र दूरच्या अशा ग्राहकावर ऐकून संपर्क पूर्ण झाला असे धरायचे नाही.

अरुंद पद्धत दूरवर हमखास पोचते, हे विधान अर्धेच खरे आहे. मुंबईहून लॉस एंजेलिसकडे जाणारा सर्वांत जवळचा मार्ग पूर्वेला किंवा पश्चिमेला नाही, तो उत्तरेला जाऊन ७९ अक्षांशाच्या आसपास ध्रुवाजवळून वळतो. न्यूयॉर्कचा मार्गही ६५ अक्षांशाच्या जवळ पोचतो. ध्रुवीय प्रदेशातील अस्थिर आयनावरणातून जाताना संदेशाची कला, म्हणजे फेज, सतत थरथरते. पीएसके३१ ची अक्षरे या कलेच्या बदलातच दडलेली असल्याने संदेश स्पष्ट दिसत असूनही पडद्यावर कचरा उमटतो. अशा वेळी पोलंडच्या पावेल यालोखा यांनी बनवलेली ऑलिव्हिया कामी येते. ती अनेक सुरांवर पसरलेली, सावकाश आणि भरपूर चूकदुरुस्ती असलेली पद्धत आहे. गोंगाटात कानाला न जाणवणारा मजकूरही ती उकलते. पण ती ५०० किंवा १,००० हर्ट्झ रुंदी व्यापते, म्हणून तिची जागा पीएसकेच्या गर्दीत नाही. आपण कोणती पद्धत वापरतो हे समोरच्या संगणकाला कळावे यासाठी आरएसआयडी हा छोटा ओळखसूर आधी सोडण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी.

शक्ती वाढवली की वारंवारतेची चूक भरून निघते, असेही मानले जाते. प्रत्यक्षात ध्वनीची पातळी अति चढवली की संदेश फाटतो, त्याच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेघा उमटतात आणि ६० हर्ट्झचा पाहुणा शेजाऱ्यांची जागा खातो. रेडिओचा एएलसी काटा हलणार नाही इतकीच पातळी ठेवणे हा यावरचा साधा उपाय.

उरला मालकीचा प्रश्न. आधी ठरवलेली भेट असो की वर्षानुवर्षे चालणारा मेळा, कोणतीही वारंवारता कोणाच्या नावावर नसते. तिथे आधीपासून कोणी असेल तर नंतर आलेल्याने सरकायचे. अपवाद आपत्कालीन संपर्काचा. त्यासाठी जगभर १४.३००, १८.१६० व २१.३६० आणि तिसऱ्या प्रदेशात त्यांखेरीज ३.६०० व ७.११० मेगाहर्ट्झ या केंद्र-वारंवारता मानल्या जातात. चक्रीवादळ, पूर किंवा भूकंपाच्या काळात भारतातील कोणत्याही हॅमने या आकड्यांच्या आसपास गप्पांसाठी प्रक्षेपण करू नये.