जुनी गाडी सापडली? धुण्याआधी हे वाचा

पेण-रोह्याकडच्या एखाद्या वाड्यात किंवा बंद गोदामात ताडपत्रीखाली जुनी, लांबलचक गाडी सापडलीच, तर पाण्याचा पाइप लावू नका. सेल तर मुळीच मारू नका!

आधी ओळख. बोनेटवरच्या मूर्तीवर विसंबू नका, ती सुटी विकत मिळते. चासी नंबरची पट्टी शोधा. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस चासी आणि इंजिन विकायची. बॉडी हूपर, बार्कर यांसारखे कारखाने बांधत. त्यांची छोटी पट्टी बहुधा दाराच्या उंबऱ्यावर असते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग अशीच: चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची.

मग इंजिन. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग हाताने हळू फिरवा. आपल्या दमट हवेत खरी भीती पत्र्याखालच्या लाकडी सांगाड्याची. वरून चकाचक, आत वाळवी!

रंगाची घाई नको. इंग्लंडमधल्या एका गॅरेजात अनेक दशके पडून राहिलेली १९३७ ची बुगाटी टाइप ५७ एस २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात, न दुरुस्त करता, सुमारे ३४ लाख युरोंना गेली.

कागदपत्रांवर 'कुलाबा जिल्हा' असेल तर जपा. १९८१ पर्यंत रायगडचं नाव तेच होतं. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळतो. नवी नोंदणी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोज बाजारात मात्र नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच.