परदेशी ग्राहकाचे पैसे रुपयांत आले, तर जीएसटी लागतो का?

समजा, उमरेडमधील जीएसटी नोंदणी असलेली एक वेब डिझायनर दुबईतील कंपनीचे काम करते. बिल १ लाख रुपयांचे. कंपनीने बँकेतून डॉलर पाठवले, तर जीएसटी शून्य. पण तेच पैसे कंपनीच्या मुंबईतील परिचिताने यूपीआयने दिले, तर १८ टक्के दराने १८ हजार रुपयांचा कर अंगावर येऊ शकतो. काम तेच, ग्राहकही तोच. मग फरक कशाने पडतो?

कायदा काय सांगतो?
आयजीएसटी कायदा, २०१७ च्या कलम २(६) मध्ये सेवेच्या निर्यातीसाठी पाच अटी आहेत :
• सेवा देणारा भारतात असावा
• सेवा घेणारा भारताबाहेर असावा
• कायद्यानुसार सेवा पुरवठ्याचे ठिकाण भारताबाहेर असावे
• दोघे एकाच संस्थेच्या शाखा नसाव्यात
• पैसे डॉलर, युरोसारख्या परिवर्तनीय परकीय चलनात यावेत
एक अट जरी सुटली, तरी ती निर्यात ठरत नाही.

रुपये चालतच नाहीत का?
चालतात, पण रिझर्व्ह बँकेची परवानगी असेल तिथेच. ही सवलत १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी बँकांच्या विशेष रुपया व्होस्ट्रो खात्यांतून व्यवहाराची मुभा दिली. अशा खात्यातून नियमानुसार आलेले रुपयेही ग्राह्य धरले जातील, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले.

खात्यात तर रुपयेच जमा होतात!
त्याने बिघडत नाही. परदेशातून आलेले डॉलर बँक रुपयांत बदलून जमा करते. पैसे परदेशातून आल्याचा बँकेचा दाखला, म्हणजे एफआयआरसी, हा त्याचा पुरावा. यूपीआयच्या नोंदीवरून तो मिळत नाही.

आणखी काय लक्षात ठेवाल?
• कर न भरता निर्यात करायची, तर दर आर्थिक वर्षी जीएसटी पोर्टलवर हमीपत्र (एलयूटी) द्यावे लागते.
• बिलाच्या तारखेपासून नियमांत ठरलेल्या मुदतीत पैसे यायला हवेत. मुदतवाढ मिळाली नाही, तर कर व्याजासह भरावा लागतो.
• महाराष्ट्रात केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. या उलाढालीत निर्यातही मोजली जाते.

त्यामुळे पैसे कोणत्या चलनात आणि कोणाच्या खात्यातून येणार, हे काम स्वीकारतानाच ग्राहकाकडून लेखी ठरवून घ्यावे.