शेतवाटेचा तंटा आणि त्याचा निकाल

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. (लातूर जिल्ह्यातील त्याच नावाचा तालुका निराळा.) अशा गावास दळणवळणाची अडचण ती कोणती, असे परक्यास वाटेल. परंतु माल हमरस्त्यावर पिकत नाही, शिवारात पिकतो. आणि आश्विनात पाऊस लांबला म्हणजे काढलेले सोयाबीन काळ्या रानातून सडकेपर्यंत आणणे हेच कास्तकाराचे खरे संकट होऊन बसते.

या तंट्यांचे मूळ पुष्कळदा वाटणीत असते. वाटणीपत्रात क्षेत्र लिहितात, विहिरीतील पाण्याची पाळी लिहितात, आंब्याचे झाडही लिहितात. मागच्या तुकड्यास जाण्याची वाट मात्र कोणी लिहीत नाही. भाऊ भाऊ आहेत तोवर ते खपते. नातवांच्या काळी बांधावर काटे पडतात. शिवाय बैलगाडीस जी वाट पुरत असे ती ट्रॅक्टरास व मळणीयंत्रास पुरत नाही, ही गोष्ट अडवणारा व अडलेला या दोघांनीही ध्यानात घेतली पाहिजे.

वाट अडली म्हणजे लोक तहसील कचेरीत अर्ज देतात, परंतु कोणत्या कायद्याखाली हे पाहत नाहीत. येथेच घोटाळा होतो. वहिवाटीची वाट होती व ती कोणी बंद केली, तर अर्ज मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 याच्या कलम 5 खाली करावयाचा. त्यास मुदत आहे, ती अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची. ‘सुगी होऊ द्या, मग पाहू’ असे म्हणत जो बसला त्याची मुदत निघून जाते आणि पुढे दिवाणी न्यायालयाची लांब वाट धरावी लागते. तहसीलदार याच कलमाखाली पुन्हा अडथळा न करण्याचा मनाई हुकूमही देऊ शकतात.

जेथे मुळात वाटच नाही, तेथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिचे कलम 143 लागू पडते. या कलमाने मिळणारी वाट दुसऱ्याच्या शेताच्या सीमेवरून, म्हणजे बांधावरून असते. उभ्या रानातून नव्हे. अर्जदारास दुसरी सोयीस्कर वाट आहे की नाही व शेतीस तिची वाजवी गरज किती, हे तहसीलदार चौकशीत पाहतात. जवळची वाट हवी एवढेच कारण पुरे होत नाही, आणि ते रास्तही आहे. निर्णय मान्य नसल्यास एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो.

यांखेरीज गावनकाशावर तुटक रेषांनी दाखविलेले गाडीमार्ग व पायमार्ग असतात. दुहेरी तुटक रेषा गाडीमार्गाची, एकेरी पायमार्गाची. अशी वाट सार्वजनिक होय. तिच्यावर नांगर घातला तर तो अतिक्रमण ठरतो. म्हणून अर्जापूर्वी नकाशाची नक्कल काढून पाहणे इष्ट.

ग्रामपंचायतीस खाजगी वाटेचा हक्क ठरविण्याचा अधिकार नाही. तथापि कोणती वाट किती वर्षे वहिवाटीत आहे हे गावाइतके कोणास ठाऊक असणार? हा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आगाऊ लेखी मागून घ्यावा. सभेस गणपूर्ती मतदारांच्या शेकडा 15 किंवा 100 मतदार, यांपैकी जी कमी ती लागते. ती न झाल्यास सभा तहकूब होते, व तहकूब सभेस गणपूर्तीची अट नसते. मग दहा-वीस मंडळी मिळून जे ठरवितील तेच गावाचे मत म्हणून नोंदले जाते. वाटेच्या प्रश्नावर चावडीत आवाज चढविणारे कितीतरी गृहस्थ सभेच्या दिवशी मात्र तालुक्याला गेलेले असतात!

शासनाने मे 2025 मध्ये शेतरस्ता शक्यतो 3 ते 4 मीटर रुंद असावा आणि मंजूर रस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी, असे ठरविले. ज्यांचा निकाल पूर्वीच लागला आहे त्यांनीही निकालाची नक्कल तलाठ्याकडे देऊन ही नोंद मागावी, आणि ती अडविणाऱ्याच्या उताऱ्यावर खरोखर आली की नाही हे नवा उतारा काढून पाहावे.