लाइट गेली म्हणजे तार मृत झाली नव्हे

नंदुरबार जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वीजपुरवठा खंडित झाला की ‘लाइट गेली’ असे म्हटले जाते आणि तेवढ्यात सैल होल्डर बदलून घ्यावा, असा मोह होतो. हा मोह जीवघेणा आहे. कारण गेलेला पुरवठा कोणत्याही क्षणी परत येतो, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर काही तारांत तो गेलेलाच नसतो.

काम करावयाचा परिपथ, म्हणजे विजेचा जाण्या-येण्याचा संपूर्ण मार्ग, पुरवठ्यापासून हेतुपुरस्सर तोडणे आणि तो चुकूनही कोणी जोडणार नाही अशी व्यवस्था करणे, याला सुरक्षित विलगीकरण म्हणतात. जुन्या घरांत मेन स्विच बंद करून फ्यूजचे किटकॅट उपसून कारागिराने स्वतःच्या खिशात ठेवणे, ही त्याची सर्वांत साधी आणि खात्रीची रीत होय. भिंतीवरचे बटण मात्र एकच तार तोडते. ते चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असेल, तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट तसेच राहतात.

घरोघरी असलेला निऑन टेस्टर येथे पुरेसा नाही. त्यातील अत्यल्प प्रवाह धरणाऱ्याच्या शरीरातून जमिनीकडे जातो, तेव्हा दिवा लागतो. माणूस कोरड्या लाकडी फळीवर उभा असेल किंवा उन्हात काम करीत असेल, तर तो उजेड दिसेलच असे नाही. म्हणून दोन टोकांचे व्होल्टमापक आधी चालू जागी लावून ते ठीक असल्याची खात्री करावी, मग विलग केलेल्या तारा तपासाव्यात, आणि शेवटी तेच मापक पुन्हा चालू जागी पडताळावे. तपासणी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्यांची हवी. न्यूट्रल कोठे तुटलेला असेल आणि पुढे एखादा दिवा जोडलेला असेल, तर दोन्ही तारांवर फेज येते, त्यांच्यातील फरक शून्य दिसतो, आणि अर्थशी केलेली तपासणीच खरे काय ते सांगते.

त्यासाठी अर्थिंग धड असावे लागते, आणि सातपुड्यात अडचण नेमकी हीच आहे. धडगाव-अक्कलकुव्याच्या खडकाळ उतारावर, विशेषतः उन्हाळ्यात, जमिनीचा रोध वाढतो. तो ५० ओहम झाला, तर दोषाचा प्रवाह जेमतेम साडेचार अँपिअर भरतो, त्याने १६ अँपिअरचा फ्यूज उडत नाही, आणि पत्र्याच्या घरात तार घासून सोललेली असेल तर पत्र्यातही वीज राहते. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला पुरवठा तोडणारे आरसीसीबी अशा घरांना चैन नव्हे, गरज आहे.

मेन स्विच बंद केला तरी त्याच्या अलीकडची, म्हणजे खांबाकडून येणारी तार जिवंतच असते. तिला घरातील कोणीही हात लावू नये; महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे, आणि घरातील वायरिंगचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.