एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसली, तर?



उसाची मोळी उचलताना कंबरेत उसण भरते. शेक-लेप होतो, मग एमआरआय निघतो. अहवालात 'एल-४, एल-५ : डिजनरेशन, डिस्क बल्ज' असं काहीतरी लिहिलेलं असतं. घरात लगेच बोलणं सुरू होतं, आता शेती सुटली! तसं ठरवण्याआधी या शब्दांचा अर्थ समजून घ्या.

कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चिवट गादी असते, तिलाच डिस्क म्हणतात. बाहेरून घट्ट तंतूंची वलयं, आत पाणीदार गर. वय वाढेल तसं गरातलं पाणी कमी होतं, गादी जराशी बसते. पाणीदार गादी एमआरआयच्या फोटोत उजळ दिसते, सुकलेली काळपट. डिजनरेशन म्हणजे मुख्यतः हीच झीज. आपल्याकडे 'मणक्यात गॅप पडली' म्हणतात, पण तिथलं अंतर वाढलेलं नसतं, उलट कमी झालेलं असतं. बल्ज म्हणजे गादीची कड बाहेर फुगणं. वलय फाटून गर बाहेर आला, तर त्याला हर्निएशन म्हणतात. 'गादी सरकली' म्हणतात ती हीच. अख्खी गादी काही जागची हलत नाही.

कंबर अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या शंभरांपैकी ३७ जणांत झीज दिसली, पन्नाशीतल्या ८० जणांत. पन्नाशीत बल्ज ६० जणांत होता. तक्रार मात्र कुणाचीच नव्हती! म्हणून नुसत्या कागदावरून ऑपरेशन ठरत नाही. पायात उतरणारी कळ, मुंग्या आणि फोटोत दबलेली नस यांचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत उतरतं. बाहेर आलेला गरही पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. फार दुखलं तर एक-दोन दिवस पडून राहा, पुढे हळूहळू चालू लागा. महिनाभर खाटेवर पडल्याने कंबर अधिकच आखडते. ४५ किलोचं युरियाचं पोतं एकट्याने उचलू नका. फवारणीचा पंप ओट्यावर ठेवून पाठीला लावा, जमिनीवरून वाकून उचलू नका.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, चालताना चप्पल पायातून निसटू लागली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. तिथं उशीर केला तर पाय किंवा लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. संध्याकाळी ताप, वजन घटणं, रात्रीही न थांबणारं दुखणं असेल, तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्या. त्यावर औषध आहे. झाडावरून, गाडीवरून पडून कंबर धरली असेल, तर चोळायला कुणाकडे जाऊ नका. दवाखान्यात जाताना अहवालाबरोबर फिल्मही न्या.