चेहरा आपल्यातला हवा : हातबाहुलीचे डोके कसे करावे



पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर मुलांबरोबर काम करताना मी हातबाहुली नेहमी जवळ ठेवते. घरात बोली बोलणारे मूल शाळेच्या पुस्तकी मराठीपुढे गप्प बसते. पण बाहुली हातात आली की तेच मूल तिच्या आडून बोलू लागते. चूक झालीच तर ती बाहुलीची, मुलाची नव्हे! साप चावल्यावर वेळ न दवडता दवाखान्यात जावे, हे मोठ्यांना सांगायलाही बाहुली उपयोगी पडते. मात्र तिचा चेहरा ऐकणाऱ्यांना आपल्यातला वाटला पाहिजे. गोऱ्या-गुलाबी चेहऱ्याची दुकानातली बाहुली बोलली, तर शहरातून आणखी एक साहेब आल्यासारखे होते. म्हणून बाहुलीचे डोके पाड्यावरच, मुलांच्या हातून व्हावे.

आपल्या आदिवासी बांधवांना ही कला परकी नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पंजात घालून नाचवायच्या बाहुल्या केरळ, ओडिशा आणि उत्तर प्रदेशात जुन्या आहेत. तिकडची गुलाबो-सिताबोची जोडी प्रसिद्धच आहे. आपल्या जवळच्या जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याचे मुखवटे लाकडाचे तसेच कागदाच्या लगद्याचेही होतात. आपण करतो ते डोकेही लगद्याचेच.

साहित्य : वर्तमानपत्राची रद्दी, मूठभर मेथ्या, गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची खळ, जुना पुठ्ठा आणि सुतळी. कागदाचे बारीक तुकडे रात्रभर पाण्यात भिजवावेत, सकाळी कुटून घट्ट पिळावेत. भिजलेल्या मेथ्या वाटून खळीबरोबर त्यात मळाव्यात. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड दूर राहते. लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या आपल्या आजीला हे ठाऊक होते. खळीत मोरचूद घालण्याचीही जुनी रीत आहे. पण मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या वस्तूत ते घालू नये.

आधी मान करावी. पुठ्ठ्याची पट्टी मुलाच्या तर्जनीभोवती दोन-तीन वेढे गुंडाळून सुतळीने बांधावी. नळी सुमारे ५ सेंटिमीटर लांब असावी आणि बोट त्यात सैलसर जावे. नळीच्या खालच्या टोकाला लगद्याची जाड कड ठेवावी, म्हणजे तिच्यावर झग्याचा गळा बांधला की निसटत नाही. वरच्या टोकावर चुरगळलेल्या कोरड्या कागदाचा गोळा बसवून सुतळीने आवळावा. लहान मुलाच्या हातासाठी ८ ते १० सेंटिमीटर उंचीचे डोके पुरे. गोळ्यावर अर्धा सेंटिमीटर जाडीचाच थर द्यावा. डोके जड झाले, तर मुलाचे बोट दमते आणि बाहुली मान टाकते.

आता चेहरा. नाक आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठे करावे. अंगठ्याने दाबून डोळ्यांच्या खोबणी कराव्यात आणि भुवया थोड्या पुढे आणाव्यात. लांबून डोळ्यांपेक्षा त्यांची सावलीच दिसते. ओठ हसरे किंवा रडके न करता साधे ठेवावेत. मग मान वर केली की बाहुली हसते आणि खाली घातली की उदास होते. वीस फुटांवर उभे राहून पाहावे : आजी कोण आणि नातू कोण, हे तेथून ओळखू आले तर काम जमले.

डोके आधी सावलीत आणि मग उन्हात, चार-पाच दिवस वाळवावे. एकदम कडक उन्हात ठेवल्यास तडे जातात. घाटाकडच्या पावसात लगद्याला बुरशी येते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावे. रंगासाठी गेरू, पिवळी माती, काजळी आणि तांदळाचे पीठ खळीत कालवून वापरावे. गेरू आणि पिवळी माती कमीजास्त करून मुले आपल्या हाताशेजारी रंग धरून पाहतात आणि स्वतःच्या कातडीचा रंग शोधतात. केसांना नारळाचा काथ्या किंवा काळी लोकर चालते.

एक पथ्य मात्र पाळावे. बोहाड्यातील मुखवटे पूजेचे असतात. त्यांच्यासारखा चेहरा बाहुलीला देऊ नये. शंका आली तर पाड्यावरच्या जाणत्यांना विचारावे.

वाचकहो, आपल्या नाशिक रोडला नोटा छापल्या जातात, पण या कामाला लागतो तो घराघरांतला रद्दीचा कागद. जुनी वर्तमानपत्रे, धुतलेले सुती कापड, उरलेली लोकर आणि सुतळी बाजूला काढून ठेवावी, ही विनंती. तयार बाहुल्या मात्र कृपया पाठवू नयेत. चेहरा तिथल्या मुलांनीच घडवायचा आहे. तरच त्या बाहुलीच्या तोंडून त्यांचा आवाज निघेल.